अँटिबायोटिकने रक्त आटत नाही

खानापूर, निपाणी, बेळगावकडे घरात डायलिसिसचा पेशंट असला की एक सल्ला हमखास मिळतो: "अँटिबायोटिक घेऊ नकोस, रक्त आटतं." हे चुकीचं आहे. त्यापायी माणसं कोर्स अर्धवट सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

डायलिसिसवर हिमोग्लोबिन उतरतं ते मुख्यतः किडनीमुळेच. रक्तपेशी तयार करवणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक निकामी किडनी पुरेसं बनवत नाही. शिवाय लोह कमी पडतं, मशीनच्या नळ्यांत दर वेळी थोडं रक्त राहून जातं.

काही अँटिबायोटिकांचा रक्तावर परिणाम होतो, हे मात्र खरं. लिनेझोलिडने प्लेटलेट उतरू शकतात. किडनी निकामी असलेल्यांत हा धोका जास्त, आणि औषध 2 आठवड्यांपुढे गेलं की आणखी वाढतो. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासतात. व्हॅन्कोमायसिननेही क्वचित प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी घटतात. औषध थांबवल्यावर आकडे बहुधा सावरतात. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अनेक अँटिबायोटिकांनी रक्त जास्तच पातळ होतं. तिथे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, बघावाच लागतो.

उलट, डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीचा (कॅथेटरचा) जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर जीवावर बेततं. मशीनवर हुडहुडी भरून ताप आला तर लगेच सिस्टरना सांगा. अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, फिस्टुलाची (डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीची) सुई काढल्यावर रक्त न थांबणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गावातल्या दवाखान्यात गेलात तरी डायलिसिस चालू असल्याचं आधी सांगा, कारण बऱ्याच अँटिबायोटिकांचा डोस आणि वेळ त्यावर ठरतो.