पार्श्वभूमी : फ्लास्कमधलं डायोसजेनिन आणि टक्क्यांचा घोळ

वनस्पतींच्या पेशी वाढवून त्यांच्यापासून स्टेरॉइड काढल्याची बातमी दर काही वर्षांनी नवी म्हणून येते. या कामाला पन्नासहून अधिक वर्षं झाली आहेत, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतला आहे. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) प्रयोगशाळेत भुईरिंगणीच्या ऊतिसंवर्धनातून, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींतून, डायोसजेनिन (स्टेरॉइड औषधं ज्यापासून बनवता येतात तो वनस्पतींतला पदार्थ) आणि बीटा-सिटोस्टेरॉल हा त्याच कुळातला पदार्थ वेगळा काढला गेला, ते 1968 मध्ये. दशमुळांतली, जमिनीलगत पसरणारी, पानांच्या शिरांवरसुद्धा काटे असणारी, जांभळ्या फुलांची ती रिंगणी. त्याच सुमारास अमेरिकेत डायोस्कोरिया डेल्टॉइडियाच्या पेशींतून डायोसजेनिन मिळाल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होत होते. डेल्टॉइडिया म्हणजे आपल्या कोनफळ-करांद्याचा हिमालयातला भाऊबंद. हिमाचलात त्याला शिंगली-मिंगली म्हणतात. पाण्यात चोळला की त्याच्या कंदाला फेस येतो, म्हणून काश्मिरात लोक त्यानं लोकरी कपडे धूत.

त्याआधीचा इतिहास मेक्सिकोचा. तिथल्या रानकंदांतल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवण्याची रीत 1940 च्या दशकात बसली आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा व कॉर्टिसोनचा मोठा धंदा त्यावर उभा राहिला. मेक्सिकोनं 1975 मध्ये या कंदांचा व्यापार सरकारी कंपनीकडे घेतला, भाव चढले आणि जगभरचे खरेदीदार दुसरी वाट शोधू लागले. त्याच वर्षी डेल्टॉइडियाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारानं नियंत्रण आणलं, कारण हिमालयात तो उपसून उपसून विरळ झाला होता. पेशीसंवर्धनाकडे लोक आशेनं पाहू लागले ते या काळात.

मग ते मागे का पडलं? ठरलेलं उत्तर असं, की कंदात डायोसजेनिनचं प्रमाण जास्त आणि पेशींत जेमतेम 1 टक्का. हे उत्तर इतक्या वेळा छापलं गेलं आहे की त्यातला ‘टक्का’ कशाचा, हे कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा.

झाडात सुटं डायोसजेनिन फार थोडं असतं. ते साखरेच्या रेणूंना बांधलेलं, म्हणजे सॅपोनिनच्या रूपात असतं. आम्लात उकळलं की साखर गळते आणि डायोसजेनिन हाती येतं. म्हणजे आपण मोजतो ते उकळल्यानंतरचं. पेशीनं जर प्रोटोडायोसिन हे असं एक सॅपोनिन साठवलं असेल, तर 1 टक्का डायोसजेनिनचा अर्थ पेशीत अडीच टक्के प्रोटोडायोसिन असा होतो, कारण एकाचा रेणुभार सुमारे 415 आणि दुसऱ्याचा सुमारे 1049. आम्ल तीव्र झालं तर डायोसजेनिनचाही काही भाग बिघडून भलताच पदार्थ तयार होतो. शिवाय कंद उकळण्याआधी ओला ठेवून आंबवला तर उतारा वाढतो. त्याच्यातलीच एन्झाइमं अर्धं काम करून ठेवतात. आता आंबवलेल्या कंदाचा आकडा आणि न आंबवलेल्या पेशींचा आकडा शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवणं न्यायाचं नाही. तरी ते सर्रास केलं गेलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण खरी अडचण टक्क्यात नव्हतीच. शेकरवरच्या, म्हणजे हलवणाऱ्या यंत्रावरच्या, फ्लास्कमध्ये भुसभुशीत, फिकट पिवळ्या पेशी दाट दिसतात, पण गाळून वाळवल्या की तळाशी चिमूटभर उरतात. लिटरमागे 15 ग्रॅम कोरडं वजन धरू. 1 टक्क्यानं ते 0.15 ग्रॅम डायोसजेनिन झालं. एका किलोसाठी सुमारे 6,700 लिटर माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, लागलं, आणि लिटरला 30 ग्रॅम या नेहमीच्या हिशेबानं 200 किलो साखर. एवढं सगळं निर्जंतुक ठेवायचं, दोन-चार आठवडे हवा देत फिरवायचं. जंगलातला कंद त्याहून स्वस्त पडणारच. पण तो कंद पुन्हा तेवढा व्हायला लागणारी वर्षं त्याच्या भावात कधीच धरली गेली नाहीत. ती धरली असती तर निकाल इतक्या घाईनं लागला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

उतारा वाढवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. माध्यमात कोलेस्टेरॉल घालून पाहिलं, तर पेशींनी त्याचं डायोसजेनिन केलं. जेरुसलेममध्ये 1984 मध्ये निर्जंतुक केलेली मृत बुरशी मिसळल्यावर डेल्टॉइडियाच्या पेशींतलं डायोसजेनिन वाढलं. रोग आल्याच्या भासानं पेशी जागी होते. जर्मनीत डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पेशींकडून एका हृदयौषधाचं दुसऱ्यात रूपांतर करून घेतलं गेलं, तेही मोठ्या टाक्यांमध्ये. काम जमलं, पण कारखान्यापर्यंत पोचलं नाही.

बाजार जिंकला जीवाणूंनी. सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात उरणाऱ्या गाळात सिटोस्टेरॉल असतं. मायकोबॅक्टेरियम त्याची बाजूची साखळी कुरतडून स्टेरॉइड औषधांचा कच्चा माल देतात. भुईरिंगणीच्या संवर्धनातून डायोसजेनिनच्या जोडीनं निघालेलं सिटोस्टेरॉल ते हेच.

अलीकडे लक्ष जनुकांकडे वळलं आहे. कोलेस्टेरॉलपासून डायोसजेनिन घडवणारी मेथीतली एन्झाइमं 2019 मध्ये ओळखली गेली, आणि ती यीस्टमध्ये बसवण्याचं काम सुरू आहे. इकडे मॉस्कोत डेल्टॉइडियाचा 1970 च्या दशकापासूनचा पेशीवाण अजून वाढतो आहे. तिथे डायोसजेनिनऐवजी पेशीतली फ्युरोस्टॅनॉल ग्लायकोसाइडं (प्रोटोडायोसिनसारखी साखर बांधलेली सॅपोनिनं) जशीच्या तशी मोजतात, आणि ती कोरड्या वजनाच्या कित्येक टक्के भरतात.