साल्सा रक्तात नसतो

एक ते सोळा मोजा, सावकाश, एकसारख्या लयीत. १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांवर टाळी द्या, बाकीचे आकडे मनातल्या मनात जाऊ द्या. सोळा झाले की न थांबता पुन्हा एक.

पहिल्या दोन-तीन आवर्तनांत बहुतेकांचा हात एकाच जागी फसतो. १, ४, ७ अशा टाळ्या पडल्या की तिनाचं अंतर कानात बसतं आणि पुढची टाळी दहावरच येणार असं आपण धरून चालतो. ती येते अकरावर, एक मात्रा उशिरा. तिच्या मागोमाग दोनच मात्रांवर शेवटची टाळी, मग तीन मात्रा शांतता आणि पुन्हा सम. दहाव्या मात्रेवरची ही हुलकावणी मला फार आवडते. साल्सा या लॅटिन अमेरिकी नाचाचं आणि संगीताचं सगळं कसब मला तिथे दिसतं.

या पाच आघातांना क्युबात ‘क्लावे’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली. ज्या दोन गोल, टणक लाकडी काठ्यांवर हा ताल वाजतो त्यांचंही नाव क्लावेच. एक काठी डाव्या हातात सैल धरायची, अशी की खाली तळव्याची पोकळी तयार होईल. दुसरीने तिच्यावर आघात करायचा. तळव्याची पोकळी तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करते, आवाज मोठा करते. हा आवाज साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा असतो आणि माणसाचा कान या पट्ट्यात फार तीक्ष्ण असतो. म्हणून ट्रम्पेट, पियानो आणि तीन-चार ताशे-ढोलांच्या गदारोळातूनही दोन काठ्या स्वच्छ ऐकू येतात. कित्येक गाण्यांत त्या कुणी वाजवतही नाही. तरी प्रत्येक वादक मनात क्लावे धरून असतो आणि कुणी तिच्या उलट गेला तर बाकीच्यांना ते लगेच खटकतं.

या पाच आघातांत एक गणिती गंमत दडलेली आहे. घड्याळावर बारांऐवजी सोळा खुणा आहेत असं समजा आणि क्लावेचे आघात त्यावर मांडा. आता कुठल्याही आघाताच्या बरोबर समोर, म्हणजे आठ खुणा पलीकडे, पाहा. तिथे दुसरा आघात कधीच सापडणार नाही. एकसमोर नऊ रिकामी, चारसमोर बारा, सातसमोर पंधरा, अकरासमोर तीन, तेरासमोर पाच. म्हणजे आघातांच्या जागा धरून या वर्तुळाचे दोन समान भाग करताच येत नाहीत. सिम्हा अरोम या संगीत-संशोधकाने हा गुण मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांच्या तालांत टिपला. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तूसाँ यांनी जगभरचे ताल असे वर्तुळावर मांडून त्यांची भूमिती अभ्यासली आणि क्लावेला त्यात मानाची जागा दिली. कान सतत दोन सारखे भाग शोधत राहतो आणि ते मिळत नाहीत, म्हणून हा ताल तासभर ऐकला तरी शिळा होत नाही.

नाचणाऱ्याचं गणित वेगळं चालतं. साल्सा शिकवताना आठपर्यंत मोजतात. त्यातला प्रत्येक आकडा आपल्या दोन मात्रांचा. पावलं पडतात १, २, ३ आणि ५, ६, ७ वर, चार आणि आठ रिकामे. आता वाद्यांकडे कान द्या. चौथा आकडा म्हणजे आपली सातवी मात्रा. तिथे पाय थांबलेला असतो आणि नेमका तिथेच क्लावेचा आघात पडतो, बास गिटारचा सूर पडतो, कोंगा या उंच ढोलावरचा मोकळा, घुमणारा बोल पडतो. आठव्या आकड्यावरही बास आणि कोंगा पुन्हा येतात. शरीर जी जागा सोडतं ती वाद्यं भरतात. वाद्यं जी सोडतात ती शरीर भरतं.

बासची चाल तर तीनतालात वाढलेल्या कानाला चक्रावून टाकते. आपल्याकडे सगळे जण समेवर भेटतात. साल्साचा बास बहुतेक वेळा समेला हातच लावत नाही. तो आधीच्या आठव्या आकड्यावर येतो, पुढच्या आवर्तनाचा सूर तिथेच लावतो आणि तो सूर समेवरून वाहत जाऊ देतो. सम असते, पण तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. ती नाचणाऱ्याने आपल्या पायाने दाखवायची.

आणि कमरेबद्दल. नवशिक्याला वाटतं, साल्सा म्हणजे कंबर हलवणं. प्रत्यक्षात कंबर मुद्दाम हलवली की नाच बिघडतो. पाऊल टाकताना गुडघा किंचित वाकलेला असतो. त्या पायावर वजन सरकत गेलं की गुडघा सरळ होतो आणि त्या बाजूचं नितंब आपोआप वर-बाहेर जातं. कमरेची लाट ही गुडघ्यांच्या कामाची सावली आहे. चौथ्या आकड्यावरचा विराम हे वजन पूर्ण सरकवण्यासाठी असतो.

मेंदूत काय घडतं याचा बराच अभ्यास झाला आहे. स्कॅनरमध्ये निश्चल पडून नुसता ठेका ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूतही हालचालींशी संबंधित भाग जागे होतात, हे जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ मध्ये दाखवलं. पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज मेंदू हालचालीच्या यंत्रणेकडून बांधून घेतो. मारिया वितेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना ड्रमचे वेगवेगळे ठेके ऐकवले. काही अगदी सरळ होते, काहींत अपेक्षित जागा सोडून आघात होते, काहींत अशी हुलकावणी इतकी होती की मूळ लय सापडणं मुश्कील. नाचावंसं वाटणं आणि आनंद, दोन्ही मधल्या ठेक्यांना सर्वांत जास्त मिळाले. अंदाज बांधता यावा, तो थोडासा चुकावा आणि चुकूनही लय हातची जाऊ नये, असा तो पट्टा आहे. क्लावे नेमकी तिथे बसते. तिची तीन आघातांची बाजू, म्हणजे पहिल्या आठ मात्रा, कान ताणते, दोन आघातांची बाजू तो ताण सोडवते.

इथे मला एका समजुतीशी भांडायचं आहे. साल्सा नाचणाऱ्या लॅटिन अमेरिकी लोकांबद्दल ‘त्या लोकांच्या रक्तातच ताल असतो’ हे वाक्य कौतुकाने बोललं जातं आणि ते चूक आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातले विषम मात्रांचे ताल ऐकवले. त्या तालात मुद्दाम केलेली मोडतोड या बाळांना ओळखता आली. त्याच देशातल्या मोठ्यांना ती जमली नाही आणि वर्षाची झालेली बाळंही मोठ्यांसारखीच अडखळू लागली. फरक एवढाच की वर्षाच्या बाळांना थोडे दिवस ते संगीत ऐकवल्यावर ती ओळख परत आली, मोठ्यांना तेवढ्याने आली नाही. प्रत्येक मूल सगळ्या तालांसाठी कान उघडे ठेवून जन्माला येतं. मग घर आणि गल्ली त्यातले काही ताल निवडून पक्के करतात.

क्युबात हे पक्कं करण्याचं काम फार मोठी किंमत मोजून झालं. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं पकडून या बेटावर आणली गेली. गुलामगिरी तिथे १८८६ पर्यंत चालली. त्या माणसांपैकी योरुबा, कोंगो अशा समाजांनी ‘काबिल्दो’ नावाच्या आपापल्या मंडळांतून भाषा, देव आणि ढोल जपले. पूर्व क्युबात स्पॅनिश गिटार आणि गाण्याशी हे ताल मिसळले आणि ‘सोन’ हा प्रकार तयार झाला. पुढे आर्सेनियो रॉड्रिगेझ या कलावंताने १९४०च्या दशकात सोनच्या छोट्या ताफ्यात कोंगा, पियानो आणि एकाहून अधिक ट्रम्पेट आणले. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती आणि त्याचे आजोबा कोंगोतून आणलेल्या गुलामांपैकी होते. आज साल्साचा जो भरगच्च आवाज आपण ऐकतो त्याचा पाया त्याने घातला. क्युबन गायिका सेलिया क्रूझ रंगमंचावरून ‘आसुकार!’ अशी आरोळी द्यायची. त्याचा अर्थ ‘साखर!’. तो मळा आठवला की मला ती आरोळी निराळीच ऐकू येते.

या संगीताला साल्सा हे नाव मिळालं ते न्यू यॉर्कमध्ये. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाशी व्यापार तोडला आणि हवानाहून येणारं संगीत आटलं. हार्लेमच्या स्पॅनिश भागात आणि ब्रॉन्क्समध्ये राहणाऱ्या प्वेर्तो रिकन मुलांनी सोन आणि माम्बो हे क्युबन प्रकार उचलले, त्यात आपल्या बेटावरचे बोंबा आणि प्लेना हे लोकसंगीताचे प्रकार मिसळले, शेजारचा जॅझ घातला. १९६४ मध्ये डॉमिनिकन वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी ‘फानिया’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. ऑगस्ट १९७३ मध्ये फानियाच्या कलावंतांनी यांकी स्टेडियममध्ये जलसा केला, तोवर साल्सा हे नाव रूढ झालं होतं. न्यू यॉर्कचे वादक टिटो पुएंते यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. साल्सा खायची गोष्ट आहे, मी वाजवतो ते क्युबन संगीत, असं ते सांगत. त्यांचं म्हणणं इतिहासाला धरून होतं, पण नावाला खाण्याचा वास आधीपासूनच होता. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला इग्नासिओ पिन्येइरो या क्युबन संगीतकाराने हवानाजवळच्या एका गावातल्या सॉसेज विक्रेत्यावर गाणं रचलं होतं. त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘जरा सॉस घाल त्यावर’ असा.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘साल’मध्ये, म्हणजे मिठात. साल्सा म्हणजे खारवलेली. सॉस, सॅलड आणि सॉसेज हे शब्द त्याच मिठातून आले.

खायचा साल्सा मात्र मेक्सिकोचा. नाच आणि चटणी एकाच घरची समजणं ही चूक सर्रास होते. क्युबन स्वयंपाक मुळीच तिखट नसतो. त्याचा आधार कांदा, लसूण आणि भोपळी मिरची तेलात परतून केलेला ‘सोफ्रितो’. हाबानेरो या जहाल मिरचीच्या नावाचा अर्थ ‘हवानाची’ असला, तरी हवानाच्या जेवणात ती शोधून सापडणार नाही.

मेक्सिकोत स्पॅनिश लोक पोचण्याच्या कितीतरी आधीपासून टोमॅटो आणि मिरची वाटून कालवण होत होतं. नाहुआत्ल भाषेत त्याला ‘मोल्ली’ म्हणत. ‘ग्वाकामोले’ या शब्दात ते अजून जिवंत आहे. ते वाटायचं तीन पायांच्या खडबडीत काळ्या दगडी खलात, ‘मोल्काहेते’त. टोमॅटो, मिरची आणि लसूण आधी तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजतात. भाजताना पाणी उडतं, टोमॅटोला चव देणारं ग्लुटामेट आणि साखर घट्ट होते, करपलेल्या सालीत नवी गंधद्रव्यं तयार होतात. मग लसूण आणि जाडं मीठ आधी वाटायचं, कारण मिठाचे खडे वाळूसारखे घासतात. दगडात पेशी चिरडल्या जातात, मिक्सरच्या पात्याने त्या कापल्या जातात. दोन्हीची चव आणि पोत वेगळा लागतो. खलबत्त्यातला ठेचा खाल्लेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. आपली मिरचीही तिकडचीच, पोर्तुगिजांबरोबर आली आणि मिरीवरून तिला नाव पडलं.

तिखट ही चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, तो एरवी ४३ अंश सेल्सियसच्या वर तापलेल्या गोष्टींसाठी धोक्याची घंटा वाजवतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे. जीभ भाजलेली नसते, पण मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. घाम, नाकाचं पाणी, डोळ्यांतलं पाणी, सगळं खरं. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, म्हणून ते मिरच्या खाऊन बिया दूरवर टाकतात. दात लावून बिया फोडणाऱ्या सस्तन प्राण्यांना मात्र ती दूर ठेवते.

मग माणूस ती मागून का खातो? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन १९७०च्या दशकात हा प्रश्न घेऊन मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या एका गावात गेले. त्यांना आढळलं की लोकांना सर्वांत आवडणारा तिखटपणा असह्यतेच्या जरा अलीकडचा असतो. ठेक्यांच्या प्रयोगातही लोकांनी लय हातातून सुटण्याच्या अलीकडचेच ठेके निवडले होते. धोक्याची घंटा वाजते, धोका मात्र नसतो, हे शरीराला अनुभवाने कळलेलं असतं.

त्या गावातली कुत्री आणि डुकरं रोज माणसांचं तिखट उरलंसुरलं खात होती. रोझिन यांनी त्यांच्यापुढे दोन तुकडे ठेवून पाहिले, एक तिखट आणि एक बिनतिखट. इतकी वर्षं खाऊनही त्यांनी आधी बिनतिखट उचलला. मुलांची गोष्ट वेगळी होती. अगदी लहानांना कुणी तिखट भरवत नव्हतं, सक्तीही नव्हती. ती रोज मोठ्यांच्या पंगतीला बसत, मोठे साल्सा कसा चवीने खातात ते बघत, थोडा थोडा चाखत, आणि काही वर्षांत आपल्याच हाताने वाटीतला साल्सा पोळीवर घालून घेत.