मधुमेही पाय : शुश्रूषा
मधुमेहात पायाची संवेदना व रक्तपुरवठा मंदावल्यावर करावी लागणारी रोजची तपासणी, व्रणाची मलमपट्टी आणि तळव्यावरील भार उतरवण्याची व्यवस्था.

सुश्रुतसंहितेतील ‘प्रमेहपिडका’ (प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्रविकारांत, उठणाऱ्या पुळ्या) हा मधुमेही पायाचा आद्य उल्लेख मानावा की नाही, यावर मतभेद आहेत. चरकाने सात, सुश्रुताने दहा पिडका सांगितल्या आहेत. रसवाहिन्या दुबळ्या झाल्याने दोष वर चढत नाहीत, म्हणून मधुमेह्याच्या ‘अधःकायेत’ (शरीराच्या खालच्या भागात) पिडका उठतात, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (उपचारांच्या भागात) म्हटले आहे. मात्र अधःकाय म्हणजे केवळ पाऊल नव्हे आणि पिडका म्हणजे पुळी. त्यामुळे येथे काळपुळी अभिप्रेत असावी, हे मत अधिक पटते. सुश्रुतसंहितेचा काळ इ. स. पू. 6 वे शतक ते इ. स. 4 थे शतक असा मागेपुढे धरला जातो. ग्रंथावर अनेक हात फिरले असल्याने एकच शतक सांगणे धाडसाचे ठरेल.

संवेदना 10 ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने तपासतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगून धागा वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात. घट्टा किंवा व्रण असलेली जागा टाळतात. अनुभवी परिचारिका मधूनच धागा न टेकवता ‘आता लागलं का?’ असे विचारते. सिस्टरला बरे वाटावे म्हणून दिलेला होकार त्यातून लक्षात येतो.

ठाणे–नवी मुंबईत पावसाळ्यात बूट दिवसभर ओले राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेथून जंतूंना वाट मिळते. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना बधिर तळवा भाजतो आणि पत्ता लागतो तो रात्री, चादरीला डाग दिसल्यावर. म्हणून बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवणे, बेचके कोरडे करणे, पाण्याची ऊब घरच्या दुसऱ्या माणसाने कोपराने पाहणे आणि कुरुपाला ब्लेड न लावणे, एवढे घरी शिकवावेच लागते.

मलमपट्टी कितीही नेटकी केली, तरी तेच पाऊल टेकत रेल्वेचा पूल चढणाऱ्याचा व्रण भरत नाही. भार उतरवणारे प्लास्टर किंवा खास पादत्राण त्यासाठीच देतात. दुखत नसल्याने ते काढून ठेवण्याचा मोह होतो, तेव्हा घरच्यांनाही समोर बसवून समजावणे हे परिचारिकेचे सर्वांत मोलाचे काम होय. लाली पसरणे, दुर्गंधी, बोट काळे पडणे किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व वाशीचे महापालिका रुग्णालय ही ठाणे–नवी मुंबईतील प्रमुख सार्वजनिक रुग्णालये होत.