आडनावातलं गाव : बेने इस्रायली आणि अलिबागचा किनारा

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, जुनं दफनस्थान आहे. पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली, बाकीच्यांना इथंच पुरलं, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत. ही घटना कोणत्या शतकातली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

वाचलेले लोक तेलाच्या घाण्याला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. हिब्रू विसरली, पोथ्या नव्हत्या. शनिवार, मुलग्यांची सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना एवढं मात्र त्यांनी सोडलं नाही. बोली मराठी झाली, बायकांनी नऊवारी नेसली.

आणि आडनावं! पेणचे ते पेणकर, किहीमचे किहीमकर. तसेच रोहेकर, झिराडकर, नवगावकर. हा ‘कर’ लावताना कुणी वंशावळ तपासली नाही. परक्याला आपलं म्हणण्याची इतकी साधी रीत मला दुसरी ठाऊक नाही. तरी ते चित्र उगाच गोड करू नये. गावगाड्यात त्यांची एक निराळी जातच झाली, आणि त्यांच्या आतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता.

पुढे बरेच जण मुंबईला गेले. कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ चं.

बरोबर शंभर वर्षांनी इस्रायल स्थापन झालं. १९५० च्या परतीच्या कायद्यानं प्रत्येक ज्यूला तिथं येऊन राहण्याचा हक्क दिला आणि कोकणातली घरं रिकामी होऊ लागली. त्यांना भारतात कुणी छळलं नव्हतं. पण ज्या देशाला ‘आपला’ म्हणून गेले, तिथं रंगावरून दुजाभाव होतो अशी तक्रार करत काहींनी १९५१ मध्ये तेल अवीवला धरणं धरलं. काही कुटुंबं १९५२ मध्ये भारतात परतली. त्यातली बरीच नंतर पुन्हा तिकडेच गेली.

खरा घाव पुढचा होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं हुकूम काढला, की बेने इस्रायलीचं लग्न इतर ज्यूशी लावण्याआधी आई, आजी, त्याही मागचं कूळ तपासावं. नागरिकत्व हातात, सैन्यात मुलगा, आणि लग्नाच्या वेळी विचारणा : तुम्ही ज्यू कशावरून? शेकडो वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना हे विचारणं क्रूर होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये संसदेनं त्यांच्या पूर्ण समानतेच्या बाजूनं कौल दिला, आणि धर्मपीठाला हुकुमातून त्यांचं नाव काढावं लागलं.

महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, म्हणजे बहुतेक जण निघून गेल्यावर.

अलिबागजवळ सागावला खडकावर एक खूण आहे. एलियाहू हन्नबी या ज्यू प्रेषिताच्या रथाची ती, अशी त्यांची श्रद्धा. इस्रायलमध्ये जन्मलेली मुलंही आजीचा नवस फेडायला तिथं येतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं घालून मलिद्याचं ताट मांडतात, आणि आजूबाजूला विचारतात, आमच्या आडनावाचं गाव इथून किती लांब?