७७७ मारण्याआधी: फाइल परवानग्यांची पार्श्वभूमी

हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या कार्यालयात कागदपत्रांचा हंगाम सुरू होतो. परवान्यांची नूतनीकरणं, डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे प्रस्ताव, सभासदांची थकबाकी. हे सगळं आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर असतं, आणि सर्व्हर लिनक्सचा असेल तर एक अडचण ठरलेली: लिपिकाने केलेली फाइल सचिवांकडे उघडत नाही. फोन केला की पलीकडून सल्ला येतो, "७७७ मार, चालेल." आणि चालतंही. फक्त त्यानंतर सभासदांच्या बँक खात्यांची यादी त्या यंत्रावर खातं असलेल्या कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि फोल्डरवरही ७७७ मारलं असेल तर पुसतासुद्धा येते.

हे तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे; प्रत्येकात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ अशी बेरीज असते. ते ज्या सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टिमच्या गाभ्याकडे (कर्नलकडे) केलेल्या मागणीला, दिले जातात तो सीएचमॉड, लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या पहिल्या छापील माहितीपुस्तिकेत, म्हणजे नोव्हेंबर १९७१ मध्ये, होता. त्याचं नाव आजही तेच आहे. आतला प्रश्न मात्र पार बदलला, आणि मला या इतिहासातलं तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

एकाच संगणकावर अनेक माणसं काम करू लागली तेव्हापासून कोणी काय पाहावं हा वाद आहे. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांच्या मल्टिक्स प्रकल्पात प्रत्येक फाइलला परवानगीधारकांची यादीच जोडता येत असे. १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग छोट्या यंत्रावर युनिक्स उभं केलं, आणि यादीऐवजी फाइलच्या नोंदीत, म्हणजे आयनोडमध्ये, मोजके बिट, म्हणजे हो-नाहीच्या खुणा, ठेवले.

१९७१ च्या त्या पुस्तिकेत सीएचमॉडला फक्त सहा बिट माहीत होते. मालकाला वाचणं, मालकाला लिहिणं, इतरांना वाचणं, इतरांना लिहिणं, फाइल चालवता येणं, आणि सहावा सेटयूआयडी. चालवण्याचा बिट सगळ्यांना मिळून एकच होता. गट नव्हताच. मोड, म्हणजे हे बिट, बदलण्याचा अधिकार मात्र तेव्हाही मालकाला किंवा सुपरयुजरला (सगळे अधिकार असलेल्या रूट खात्याला) होता, आणि तो नियम आजही टिकून आहे.

सेटयूआयडीची कल्पना रिचींची. प्रोग्रॅम चालवणारा कोणीही असो, तो चालतो प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने. त्यामुळेच साध्या वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो, पासवर्डची फाइल त्याच्या ताब्यात न देता. या कल्पनेवर १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९७९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

थॉम्प्सन आणि रिची यांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध निबंध जुलै १९७४ चा. त्यात सात बिट सांगितले आहेत: मालक आणि इतर यांना प्रत्येकी तीन, वर सेटयूआयडी. १९७८ च्या सुधारित रूपात ते दहा होतात, कारण मधे गट आला. त्याची गरज संस्थेच्या कार्यालयात बसून लगेच पटते. परताव्याचा तक्ता लिपिक लिहितो, संचालकांना तो वाचायचा असतो, बाकी सभासदांना तो दिसण्याचं कारण नाही. मालक आणि इतर एवढ्या दोनच वर्गांत हे बसवायला गेलं की संचालकही 'इतर' होतात, म्हणजे फाइल एकतर सगळ्यांना उघडी करा नाहीतर त्यांनाही बंद करा. तिसरा वर्ग आल्यावर ६४० पुरतं. इथे कर्नलची एक पद्धत ध्यानात ठेवावी: तो आधी मालक पाहतो, मग गट, मग इतर, आणि जिथे माणूस बसला तिथेच थांबतो. मालकाचे बिट शून्य असतील तर इतरांना वाचता येणारी फाइल मालकाला वाचता येत नाही.

युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत यूमास्क आला. नवी फाइल बनतानाच कोणते बिट गाळायचे ते प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, सोबत बाळगू लागली. ०२२ असेल तर साधी फाइल ६४४ होते, ०२७ असेल तर ६४०.

इथपर्यंत प्रश्न होता, कोणते बिट? १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सपासून तो झाला, नेमकी कोणती फाइल? सीएचमॉडला फाइलचं नाव द्यावं लागतं. कर्नल त्या नावावरून एकेक डिरेक्टरी (फोल्डर) ओलांडत आयनोडपर्यंत पोचतो, आणि मोड लिहिला जातो तो आयनोडवर, नावावर नव्हे. सामायिक डिरेक्टरीत रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमने आधी नाव तपासलं आणि मग त्याच नावावर सीएचमॉड केलं, तर मधल्या क्षणात कोणीतरी ती फाइल काढून त्या नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, ठेवू शकतो. सीएचमॉड लिंकमागे जातो आणि भलत्याच फाइलचे दरवाजे उघडतो. सिम्बॉलिक लिंक ४.२ बीएसडीतच आल्या आणि एफसीएचमॉडही त्यातच आला. तो नाव घेत नाही, आधीच उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडताना कर्नलने दिलेला क्रमांक, घेतो. फाइल उघडा, तीच तपासा, तिचाच मोड बदला. मधे नावाचं काहीही होवो.

पुढे एफसीएचमॉडअ‍ॅट आला: लिनक्समध्ये २००६ साली, युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामायिक पॉसिक्स मानकात २००८ साली. उघडलेल्या डिरेक्टरीपासून मार्ग मोजायची सोय त्यात होती. मानकाने फ्लॅग्ज हा चौथा आर्ग्युमेंट (कॉलला द्यायची माहिती) ठेवला, ज्यातून लिंकमागे जायचं की नाही ते सांगता येतं. लिनक्सचा मूळ कॉल मात्र तीनच आर्ग्युमेंट घेत राहिला. चौथा घेणारा एफसीएचमॉडअ‍ॅट२ कर्नल ६.६ मध्ये, २०२३ साली आला. एका फ्लॅगसाठी इतकी वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून तशीच आहे. परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. कोणाच्या प्रोग्रॅमने यादी आधीच उघडून ठेवली असेल, तर नंतर ६०० केलं तरी तो वाचतच राहतो. घाईत ७७७ मारून संध्याकाळी परत आवळू म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

संस्थेच्या फोल्डरला ७७७ ची गरजच नसते. लिपिक, सचिव आणि संचालक यांचा एक गट करावा, फोल्डरचा गट तोच ठेवावा आणि मोड २७७० द्यावा. सुरुवातीच्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची होते, बनवणारा कोणीही असो. यूमास्क ००७ ठेवला की गटाला लिहिता येतं आणि बाहेरच्याला काहीच दिसत नाही. जे फक्त संचालकांनी वाचावं आणि लिपिकाने लिहावं ते ६४० वर वेगळं ठेवावं. विंडोजवरून सॅम्बामार्फत, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वापरू देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, फाइल येत असतील तर तिथला क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० करावा लागतो, कारण सॅम्बा एरवी स्वतःचाच मास्क लावतो आणि गटाचा लिहिण्याचा बिट गळून पडतो.