‘केलं’ की ‘केलं आहे’? इंग्रजी बोलताना भूतकाळ कसा निवडावा
आमच्या संभाषणवर्गात येणाऱ्या सर्वांसाठी

मुलाखतीत शिक्षणाबद्दल विचारलं की आपल्याकडची बरीच मुलं सांगतात, ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2019.’ वाक्य कानाला भारदस्त वाटतं, पण चुकलेलं असतं. यात अभ्यासाची कसूर नाही, ही चूक थेट मराठीतून येते. ‘मी 2019 साली बी.कॉम. केलं आहे’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य. आपल्या ‘आहे’च्या शेजारी साल, तारीख, काल, परवा, काहीही बसतं. इंग्रजीतल्या ‘हॅव’ला तो शेजार चालत नाही. होऊन गेलेली वेळ सांगितलीत की साधा भूतकाळच हवा: ‘आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2019.’ साल सांगायचं नसेल, तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम.’ खुशाल म्हणा.

म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून एकच सवय लावतो. ‘आहे’ ऐकू आलं म्हणून ‘हॅव’ लावू नका, आधी मनात ‘कधी?’ विचारा. उत्तर वाक्यातच असेल किंवा दोघांनाही ठाऊक असेल, तर साधा भूतकाळ. प्रश्नालाही हेच लागू. ‘कधी आलायस?’चं ‘व्हेन हॅव यू कम?’ होत नाही. ‘व्हेन डिड यू कम?’ असंच विचारायचं.

खरी गंमत मात्र दोन माणसं बोलू लागली की कळते. साहेब विचारतात, ‘हॅव यू सेंट द मेल?’ त्यांना वेळेशी घेणं नाही, काम झालंय की राहिलंय एवढंच हवंय. तुम्ही म्हणता, ‘येस, आय हॅव सेंट इट.’ ते विचारतात, ‘व्हेन?’ आणि इथे गाडी रूळ बदलते: ‘आय सेंट इट अ‍ॅट इलेव्हन.’ मेल तोच, पाठवणारेही तुम्हीच, पण दुसऱ्या वाक्यात घड्याळ आलं. संभाषण बहुतेक वेळा असंच चालतं. बातमी ‘हॅव’ने सांगायची आणि तपशील साध्या भूतकाळात. हा चार ओळींचा संवाद रोज मोठ्याने म्हणा. नियम पाठ करण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो, असा आमचा अनुभव आहे.

काही ठिकाणी मराठी उलट मदतीला येते. ‘तो दुबईला गेलाय’ आणि ‘तो दुबईला जाऊन आलाय’ यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. पहिलं ‘ही हॅज गॉन टू दुबई’, दुसरं ‘ही हॅज बीन टू दुबई’. त्यामुळे पुण्यात बसून स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टू दुबई’ म्हणू नका. तिथे ‘बीन’ हवं.

‘मी काल मुंबईला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे’ करण्याची खोड तर घरोघरी आहे. साधं ‘आय वेंट’ म्हणा. ‘हॅड’ लागतं ते भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी घडलेलं सांगताना: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’

सर्वांत जपायची जागा ‘पासून’ची, कारण इथे अर्थच फिरतो. ‘आय लिव्ह्ड इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात, तर ऐकणारा समजतो की तुम्ही नागपूर सोडलंत. अजून तिथेच राहत असाल तर ‘आय हॅव लिव्ह्ड इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स’. मुदतीला ‘फॉर’ आणि सुरुवातीला ‘सिन्स’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स 2020’. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य आजच सोडून द्या.

अमेरिकेतला भाचा ‘जेवलात का?’ला ‘डिड यू ईट?’ म्हणतो आणि लंडनची मैत्रीण ‘हॅव यू ईटन?’ म्हणते, म्हणून गोंधळू नका. अमेरिकन बोलण्यात अशा ठिकाणी साधा भूतकाळ सर्रास चालतो. दोघंही बरोबर आहेत.

पहिल्या तासाला येताना कालच्या दिवसाबद्दल पाच वाक्यं मराठीत लिहून आणा, जशी घरी बोलता तशीच. प्रत्येकात ‘कधी’ कुठे लपलंय, ते आपण एकत्र बसून शोधू.