इंटरल्यूकिन-८ : बोलावणारे आणि चेतवणारे एकच प्रथिन

संसर्गाच्या जागी पांढऱ्या पेशी गोळा होतात, हे एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. त्या भटकत येऊन तिथे अडकतात की कशाच्या तरी ओढीने नेमक्या दिशेने येतात, हा खरा वाद होता. जर्मन नेत्रवैद्य टेओडोर लेबर यांनी १८८८ मध्ये बुरशीने बाधलेल्या सशाच्या कॉर्नियात या पेशी जमताना पाहिल्या आणि ओढीच्या बाजूने कौल दिला. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पेशी लांबून चालत आल्या असेच मानावे लागते. त्यांना ओढणारे मुख्य प्रथिन, म्हणजे इंटरल्यूकिन-८, हाती लागायला मात्र आणखी जवळजवळ शंभर वर्षे गेली.

उशिराचे मोठे कारण मोजमापाचे होते. १९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी दोन कप्प्यांची डबी वापरात आणली. वर पेशी, खाली तपासायचा द्राव, आणि मध्ये इतक्या बारीक छिद्रांचा पडदा की पेशीला अंग आकसूनच पलीकडे जावे लागते. आज न्यूट्रोफिलसाठी, म्हणजे दाहाच्या जागी सर्वांत आधी पोचणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठी, साधारणपणे ३ मायक्रोमीटर छिद्रांचा पॉलिकार्बोनेट पडदा, ३७ अंश सेल्सियस तापमान आणि ३० ते ६० मिनिटे असा बेत असतो. मोनोसाइट या मागाहून येणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठी छिद्रे ५ मायक्रोमीटरची घेतात आणि वेळही जास्त देतात.

या डबीत एक फसगत लपलेली होती. पेशी खाली उतरल्या म्हणजे त्या ओढल्याच गेल्या असे नाही; नुसती चुळबुळ वाढली तरी काही पेशी पडदा ओलांडतात. १९७३ मध्ये झिगमंड आणि हर्श यांनी वरच्या आणि खालच्या कप्प्यांत त्याच पदार्थाचे वेगवेगळे प्रमाण घालून सगळ्या जोड्या तपासल्या. दोन्हीकडे प्रमाण सारखे असूनही पेशी उतरत असतील, तर ती चुळबुळ. खाली जास्त असतानाच मोठ्या संख्येने उतरत असतील, तर ती ओढ. हा तक्ता न मांडता केलेल्या दाव्यांवर आजही विश्वास ठेवू नये.

तोवर काही उमेदवार माहीत झाले होते. रक्तातल्या संरक्षक पूरक प्रथिनांपैकी सी५ए, जिवाणूंच्या प्रथिनांसारखे फॉर्मिल पेप्टाइड (१९७५) आणि पुढे ल्युकोट्राइन बी४ हा पेशींनी बनवलेला मेद रेणू. सी५ए आणि फॉर्मिल पेप्टाइड न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट दोघांनाही ओढतात. दाहाच्या जागी आधी न्यूट्रोफिल आणि मागाहून मोनोसाइट का येतात, हे त्यांच्यावरून उलगडत नव्हते.

धागा सापडला तो एका विसंगतीतून. रक्तपेशींपासून शुद्ध केलेले इंटरल्यूकिन-१ हे दाहाचा इशारा देणारे प्रथिन न्यूट्रोफिलना ओढत असे, पण जनुकतंत्राने बनवलेले ओढत नसे. म्हणजे शुद्ध म्हटलेल्या नमुन्यात दुसरेच काहीतरी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत योशिमुरा, मात्सुशिमा आणि सहकाऱ्यांनी मानवी पेशींना जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिनने चेतवले, त्यांचा द्राव गाळला आणि १९८७ मध्ये तो अशुद्ध घटक वेगळा काढला. त्यांची चाचणी ओढीची होती, म्हणून त्यांनी त्याला मोनोसाइटपासून निघणारा न्यूट्रोफिल-आकर्षक घटक म्हटले. त्याच वर्षी बर्नमध्ये वाल्झ, पेव्हेरी आणि बाज्जोलिनी यांनी जवळपास तेच प्रथिन शोधले. त्यांची चाचणी मात्र निराळी होती: सायटोकॅलॅसिन बी हे पेशीचा सांगाडा सैल करणारे रसायन दिलेल्या न्यूट्रोफिलमधून इलॅस्टेज हे विकर किती बाहेर पडते, हे ते मोजत होते. साहजिकच त्यांचे नाव न्यूट्रोफिल-चेतक घटक. कील येथे त्वचारोगावर काम करणारे श्रोडर आणि क्रिस्टोफर्स यांच्याकडेही १९८७ मध्येच तेच प्रथिन आले. अमिनो आम्लांचा क्रम जुळवल्यावर लक्षात आले की ज्याने त्याने आपल्या चाचणीला दिसणारा गुण पाहिला होता. रेणू एकच होता. १९८८ मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि लवकरच इंटरल्यूकिन-८ हे नाव ठरले. नाव फारसे नेमके नाही, कारण ते फक्त पांढऱ्या पेशींपासून निघत नाही. रक्तवाहिन्यांचे अस्तर, त्वचा, फुप्फुसाचे आवरण, तंतुपेशी, सगळेच इंटरल्यूकिन-१ किंवा टीएनएफ या दाहाच्या दुसऱ्या निरोपी प्रथिनाचा इशारा मिळताच ते बनवतात. नव्या नामपद्धतीत ते सीएक्ससीएल८ आहे.

पेशी ते ९९ अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात बनवते, पुढचा तुकडा छाटते आणि मुख्यतः ७२ अमिनो आम्लांचे, सुमारे ८ किलोडाल्टनचे प्रथिन उरते. चार सिस्टीन आणि दोन डायसल्फाइड बंध यांमुळे ते चिवट असते. आम्ल आणि सेंद्रिय द्रावक सोसते, म्हणूनच स्तंभांवरून शुद्ध करता आले. क्रमाचा मेळ बिंबाणूंच्या घटक-४ या आधीच माहीत असलेल्या प्रथिनाशी बसला आणि हे एक कुटुंब असल्याचे कळले. १९८९ मध्ये मोनोसाइटना ओढणारे एमसीपी-१ सापडले. त्यात पहिली दोन सिस्टीन लागून असतात, इंटरल्यूकिन-८ मध्ये त्यांच्यामध्ये एक अमिनो आम्ल असते. आधी न्यूट्रोफिल, मग मोनोसाइट या जुन्या कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे: दोन गटांना बोलावणारी प्रथिने निराळी आहेत.

ओढ आणि चेतना एकाच रेणूत कशी बसते, हे त्याचे ग्राही, म्हणजे पेशीवरची त्याला ओळखणारी प्रथिने, सापडल्यावर उलगडू लागले. १९९१ मध्ये सीएक्ससीआर१ आणि सीएक्ससीआर२ ही दोन ग्राहींची जनुके मिळाली. दोन्ही ग्राही पेशीपटल सात वेळा पार करणारे आणि आतवर इशारा पोचवणाऱ्या जी-प्रथिनाशी जोडलेले. प्रथिनाच्या टोकाजवळचा ग्लुटामेट, ल्यूसिन, आर्जिनीन हा त्रिकूट क्रम बिघडवला की ते निकामी होते. प्रथिन बसल्यावर काही सेकंदांत पेशीतले कॅल्शियम वाढते, गोल पेशी लांबट होते आणि पृष्ठभागावरची इंटिग्रिन ही चिकटणारी प्रथिने घट्ट पकड घेऊ लागतात. इथवर साधारण १ ते १० नॅनोमोलर पुरते. विकरांच्या पुटिका (पेशीतल्या पिशव्या) रिकाम्या करायला आणि सुपरऑक्साइड हा जंतूंवर सोडायचा दाहक ऑक्सिजन-रेणू बनवायला त्याहून जास्त प्रमाण लागते, आणि सुपरऑक्साइडचे काम सीएक्ससीआर१ मार्गे होते, असे १९९६ मध्ये दिसले. म्हणजे दूरवर विरळ असताना हे प्रथिन वाट दाखवते आणि उगमाजवळ दाट झाल्यावर शस्त्र काढायला लावते. ही व्यवस्था मला फार चोख वाटते, कारण हत्यार वाटेतच चालले तर निरोगी ऊतीच जळतील.

वाहत्या रक्तात विरळ ते दाट असा चढ टिकणार कसा, हा आक्षेप रास्त होता. उत्तर असे की हे प्रथिन रक्तात मोकळे तरंगत बसत नाही. अस्तरपेशी ते ऊतीच्या बाजूने उचलून रक्ताच्या बाजूला आणतात आणि तिथल्या हेपरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांवर ते चिकटते. अस्तरावरच्या सिलेक्टिन या हलकी पकड देणाऱ्या प्रथिनांवर घरंगळणारी पेशी त्याला भिडली की थांबते. रक्तात निसटलेला भाग लाल पेशींवरचे डफी प्रतिजन हे प्रथिन टिपून घेते. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स हा हिवतापाचा परजीवीही याच प्रतिजनाला धरून लाल पेशीत शिरतो.

लाल पेशींच्या या टिपून घेण्याचा त्रास प्रयोगशाळेत होतो. लाल पेशी फुटलेल्या नमुन्यात त्यांनी धरलेले इंटरल्यूकिन-८ द्रवात मिसळते आणि आकडा फुगतो. रक्त पेशी वेगळ्या न करता तासन् तास ठेवले तर पेशी नळीतच नवे प्रथिन बनवतात. स्थलांतराच्या चाचणीतही ठरावीक चुका होतात. नॅनोमोलर प्रमाणातले प्रथिन प्लास्टिकला चिकटून जाते, म्हणून द्रावात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे रक्तातले साधे प्रथिन लागते. फक्त एकच, तेही मोठे प्रमाण वापरले तर पेशी कमीच उतरतात, कारण आलेख घंटेसारखा असतो: अतिरेक झाला की ग्राही पेशीच्या आत ओढले जातात, आणि सीएक्ससीआर२ तर कमी प्रमाणातच आत जाऊन सावकाश परततो. किमान पाच पायऱ्या, प्रत्येक दहापट अंतराने, ठेवाव्यात. न्यूट्रोफिलमध्ये थोडे मोनोसाइट राहिले आणि प्रथिनात एंडोटॉक्सिनचा अंश असला, तर लांबलेल्या प्रयोगात मोनोसाइटच इंटरल्यूकिन-८ बनवतात आणि परिणाम कोणाचा ते कळत नाही.

उंदरात तर या प्रथिनाचे जनुकच नाही. तिथे केसी आणि एमआयपी-२ ही नातलग प्रथिने ते काम करतात, म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. औषधांच्या वाटेतली अडचण वेगळी आहे. सीएक्ससीआर२ अडवणारी औषधे दिलेल्या रुग्णांत रक्तातल्या न्यूट्रोफिलची संख्या उतरताना दिसली, कारण अस्थिमज्जेतून या पेशी बाहेर सोडायलाही तोच ग्राही लागतो. त्यामुळे अशा औषधाची मात्रा ठरवताना दाहाच्या खुणांइतकीच रक्तातल्या न्यूट्रोफिलची मोजणीही सुरुवातीपासून करावी लागते.